बेचाळीस हजर

"हा, हा आणि ही," असं म्हणत को ह्वे यांनी वर्गाच्या फोटोतल्या तीन चेहऱ्यांवर सूर्यफुलाची एकेक बी ठेवली. "मंगळवारी हे तिघं वर्गात नसतील."

चहाबरोबर तोंडात टाकायला बशीत ठेवलेल्या बिया होत्या त्या. मी फोटो जवळ ओढला. पहिल्या बीखाली तोआन, दुसरीखाली दिन्ह आणि तिसरीखाली लुआ.

"आजारी पडणार आहेत का?" मी विचारलं.

"नाही. पुस्तकांच्या खोलीत बसतील."

"आणि हजेरीत?"

"हजेरीत बेचाळीसच्या बेचाळीस असतील. त्याची व्यवस्था झाली आहे," को ह्वे म्हणाल्या आणि माझ्या इवल्याशा कपात पुन्हा चहा ओतला. चहा ओतला की विषय संपला, हे मला तिथे तीन वर्षं राहून कळलं होतं.

ही २०१७ सालची गोष्ट. व्हिएतनाममध्ये, हनोईपासून बसने दोन तासांवरच्या एका गावात मी इंग्रजी शिकवत होते. पालकांना सोनेरी केसांचा गोरा मास्तर हवा होता. त्यांच्या नशिबी पुसदची सावळी, चष्मेवाली, चाळिशीची वैजयंती उंबरकर आली. पहिल्या महिन्यात त्यांनी कुरकुर केली, दुसऱ्या महिन्यात मुलं घरी इंग्रजीत भांडायला लागली, आणि तिसऱ्या महिन्यात आया मला फाटकाशी गाठून पेरू देऊ लागल्या. मुलं मला 'को' म्हणत. को म्हणजे बाई, आणि तिथल्या भाषेत को म्हणजे आत्याही. पुरुष मास्तरांना थाय म्हणायचं. को ह्वे आमच्या उपमुख्याध्यापिका, पण शाळा चालायची ती त्यांच्याच इशाऱ्यावर. मुख्याध्यापक फक्त झेंड्याच्या वेळी दिसत.

मंगळवारी शाळेत खुला तास होता. वरून समिती येणार, मागे बसून एक तास बघणार, आणि शाळेला 'आदर्श' हा दर्जा द्यायचा की नाही ते ठरवणार. परदेशी बाई शिकवते म्हणून को ह्वे यांनी माझाच तास पुढे केला होता. वर्ग नववी क.

"व्यवस्था म्हणजे काय?" मी बाहेर आल्यावर क्वीला विचारलं.

क्वी हा आमच्याकडचाच इंग्रजीचा तरुण शिक्षक. माझ्या अडखळत्या व्हिएतनामीला तो टेकू द्यायचा, आणि मी चिडले की माझ्या वाक्यांतला अर्धा राग गाळून भाषांतर करायचा.

"नववी अ मधून तीन हुशार मुलं येतील," तो म्हणाला. "तिघांच्या जागी बसतील. तिघांचे बिल्ले लावून."

"बिल्ले?"

"नावाचे. समितीकडे वर्गाची यादी असते, को. एखादं नाव पुकारलं तर कोणीतरी उठायला नको का?"

तिथे प्रत्येक मुलाच्या शर्टावर नावाचा प्लॅस्टिकचा बिल्ला असतो. बिल्ला नसला तर फाटकावर लाल पट्टीवाली मुलं अडवतात, वहीत नाव लिहितात, आणि सगळ्या वर्गाचे गुण कापले जातात. म्हणजे बिल्ला ही गमतीची वस्तू नव्हे.

"आणखी एक," क्वी खाली बघत म्हणाला. "प्रश्न विचारलात की सगळी मुलं हात वर करतील. उत्तर येतं ती उजवा, येत नाही ती डावा. तुम्ही फक्त उजव्या हातांना उठवायचं."

"हे कोणी ठरवलं?"

तो हसला. "मी शाळेत होतो तेव्हापासून आहे. मी बीजगणितात कायम डावा."

मी सरळ को ह्वे यांच्या खोलीत परत गेले आणि सांगितलं की मी हे करणार नाही. बेचाळीस मुलं माझी आहेत, बेचाळीस घेऊनच तास होईल. वाईट झाला तर वाईट झाला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई पन्नाशीच्या पुढच्या, केस चापून बांधलेले, आवाज कधी चढायचा नाही. "को वैजू, तुमचा करार मे महिन्यात संपतो," त्या म्हणाल्या. "पुढची तीन वर्षं तुम्ही राहावं अशी माझी इच्छा आहे. माझ्या इच्छेला जागा ठेवा."

एवढं स्पष्ट बोलल्यावर भाषांतर कशाला लागतं?

रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला. ती पुसदला, दर रविवारी बरोबर जेवणाच्या वेळी फोन करायची. मी सगळं सांगितलं.

"काहून भांडतं वो पोरी?" ती म्हणाली. "परका मुलूख, परके लोक. एक दिवस गुमान राहाले काय जाते तुयं?"

"आई, त्या पोरीचं नाव दुसरीच्या छातीवर लावणार आहेत."

"मंग? एका तासानं वापस देतील नं? नाव का झिजते?" मग म्हणाली, "कालेजात नऊ वर्स शिकवाले होती, तं तोंडातून बोल नाही काढला कधी. आन् आता साता समुद्रापार जाऊन तुले वाचा फुटली!"

मी फोन ठेवून दिला. आईचं बोलणं झोंबलं ते खरं होतं म्हणून.

लुआबद्दल सांगायला हवं, नाहीतर ती बिचारी वगैरे वाटेल. बिचारी अजिबात नव्हती. पंधरा वर्षांची, काटक, खांद्यात जराशी पोक काढून चालणारी. घरी बदकं होती, चारशेच्या वर. पहाटे ती बदकं कापलेल्या भातशेतात सोडून ती शाळेत यायची आणि पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची. इंग्रजीत दहापैकी दोन. कधीतरी अडीच. वर्गात कोणाची सायकल पंक्चर झाली, पंखा अडकला, खिडकी बसेना, की सगळे लुआकडे बघत. प्रश्नोत्तरं सुरू झाली की सगळे तिच्यावरून पलीकडे बघत. आणि मी? मी तिला प्रश्न विचारून छळत नसे. मला ते चांगुलपणाचं वाटायचं.

सोमवारी मी वर्गात कडक शब्दांत सांगितलं, "उद्या सगळ्यांनी यायचं. आपापल्या जागेवर बसायचं." बेचाळीस तोंडांनी "येस टीचर" म्हटलं. मला वाटलं, जिंकले.

मंगळवारी सकाळी मी साडी नेसले. निळी, काठाची. तिथे मी रोज शर्ट-पॅन्ट घालायचे, पण त्या दिवशी मला वाटलं, बघू दे समितीला, कोण शिकवतंय ते. ढोल वाजला. तिथल्या शाळांत घंटा नसते, मोठा ढोल असतो आणि तो वाजवला की पोटात घुमतो. मी वर्गात शिरले. मागे निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर सातजण बसलेले, मांडीवर वह्या. दाराशी को ह्वे, अंगावर त्यांचा सणासुदीचा लांब झगा. मुलं उठली, सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणाली. वर्गप्रमुख मुलीने एक पाऊल पुढे येऊन सांगितलं, "बेचाळीस. बेचाळीस हजर."

मी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे गोरीगोमटी, दोन वेण्या घातलेली एक मुलगी ताठ बसली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. छातीवर बिल्ला: लुआ.

अजूनही मी तास सुरू करू शकले असते. खरं सांगते, खडू हातात घेतलाही होता. पण तोंडातून निघून गेलं, "लुआ?"

ती मुलगी झटकन उभी राहिली. "येस, टीचर. गुड मॉर्निंग. हाऊ आर यू टुडे?" उच्चार इतके स्वच्छ की मागच्या सात पेनांनी एकदम काहीतरी लिहिलं.

वर्गातल्या बाकी मुलांनी माना खाली घातल्या. एकोणचाळीस मुलं बाकांच्या फळ्यांकडे बघत होती. त्यांना लाज वाटत होती, आणि ती त्यांची नव्हती.

मी खडू ठेवला. इंग्रजीत म्हटलं, "एक मिनिट. मी आलेच." आणि को ह्वे यांच्या समोरून बाहेर पडले. त्यांनी माझं नाव घेतलं, एकदाच, हळू. मी थांबले नाही.

पुस्तकांची खोली मैदानापलीकडे. साडीत पळता येत नाही हा गैरसमज आहे. आत पंख्याखाली तिघं जमिनीवर बसून चौकटीच्या कागदावर फुल्या-गोळ्यांचा खेळ खेळत होती. तिघांचे शर्ट बिनबिल्ल्याचे. मला बघून तोआन दचकून उभा राहिला. लुआने आधी आपली फुली काढून घेतली.

"को, तास सुरू झाला ना? तुम्ही इकडे कशा?"

"चला," मी धापा टाकत म्हटलं.

"कुठे?"

"वर्गात. आणखी कुठे!"

"आम्हाला इथे बसायला सांगितलंय."

"मी वर्गात यायला सांगितलं होतं."

"तुम्ही सोमवारी सांगितलंत," लुआ म्हणाली. "को ह्वे यांनी आज सांगितलं."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला मात्र ऐकायचं नव्हतं. मी मोठ्या आवाजात, मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत सुरू झाले. हा अन्याय आहे, तुमचं नाव दुसऱ्याला लावतात, तुम्हाला काही वाटत नाही का, वगैरे. दिन्ह भिंतीला चिकटला. लुआ माझ्याकडे बघत राहिली, बदक आजारी आहे की नुसतं आळसावलंय ते ठरवावं तशी.

"को, बिल्ला माझा गेलाय," ती म्हणाली. "मग चिडलात तुम्ही का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या पोरांना देण्यासारखं नव्हतं.

"मला एकच काळजी आहे," ती पुढे म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत परत मिळायला हवा. नाहीतर फाटकावर अडवतील. वर्गाचे गुण जातात."

"मग चल आणि स्वतः माग."

तिने विचार केला. "तुम्ही मला प्रश्न विचारणार?"

"नाही, नाही. घाबरू नकोस. नाही विचारणार."

"नाही विचारणार, तर येऊन काय करू? इथे पंखा तरी आहे."

कानफटात बसली. तीन वर्षं मी हिला सांभाळून घेत होते, तीन वर्षं हिच्यावरून पलीकडे बघत होते. को ह्वे यांनी एका दिवसासाठी हिला बाहेर बसवलं होतं. मी वर्गात ठेवूनच बसवलं होतं.

"विचारेन," मी म्हटलं.

"मला येणार नाही."

"मग येत नाही म्हणून सांग."

"समितीसमोर?"

"समितीसमोर. इंग्रजीत."

लुआने तोआनकडे पाहिलं, दिन्हकडे पाहिलं. मग फुल्या-गोळ्यांचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, कारण ती जिंकत होती, आणि उठली.

आम्ही चौघं मैदान ओलांडून आलो तेव्हा सात मिनिटं गेली होती. को ह्वे दारातून हलल्या नव्हत्या. मी वर्गाला म्हटलं, "आज आपल्याकडे नववी अ मधून तीन पाहुणे आले आहेत. पाहुण्यांना पुढे बसवायचं असतं." आणि माझी खुर्ची, टेबलामागचं बाक, असं काय मिळेल ते पुढे ओढलं. त्या तीन पोरांचा काय दोष होता? त्यांनाही सांगितलं म्हणून तीही आली होती. वेण्यावाली मुलगी लालबुंद झाली होती. तोआन आणि दिन्ह खाली मान घालून आपापल्या जागी गेले. त्यांचे बिल्ले पाहुण्या मुलांनी हळूच काढून बाकावर ठेवून दिले.

लुआ मात्र गेली नाही. ती त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली. तिने छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं आणि शब्द जुळवत म्हणाली, "एक्स्क्यूज मी. धिस, माय नेम. गिव्ह मी, प्लीज."

तीन वर्षांत तिने कोणी न विचारता उच्चारलेलं हे पहिलं इंग्रजी. मुलीने बिल्ला काढून दिला. "सॉरी," ती म्हणाली. "नो प्रॉब्लेम," लुआ म्हणाली, बिल्ला लावला आणि जागेवर जाऊन बसली.

मागे कोणीतरी वहीचं पान उलटलं.

मी तास घेतला. धडा गावातल्या हस्तव्यवसायांवर होता. बांबूच्या पानांची टोपी कशी करतात, हे सांगायचं होतं. पंधरा दिवस घोकून झालं होतं. मी प्रश्न विचारला आणि पंचेचाळीस हात वर आले. पाहुणेसुद्धा. उजवे, डावे, सगळे ताठ. लुआचा डावा.

शब्द दिला होता. "लुआ," मी म्हटलं.

ती उभी राहिली. "आय डोन्ट नो," ती म्हणाली. आवाज मैदानात हाका मारणाऱ्या माणसाचा. मग तिला ते अपुरं वाटलं असावं. "माय हाऊस, नो हॅट. माय हाऊस, डक. मेनी, मेनी डक."

एकजण फिस्सकन हसला, मग सगळेच. मागच्या रांगेतला एक म्हातारा तपासनीसही हसला आणि चष्मा पुसायला लागला.

"मग टोपीबद्दल कोणाला तरी विचार," मी म्हटलं.

ती सरळ पुढे बसलेल्या वेण्यावालीकडे वळली. "यू नो? यू टेल मी. स्लो, स्लो." त्या मुलीने सांगितलं, आधी पाठ केलेल्या वाक्यांत, मग लुआच्या कपाळावरच्या आठ्या पाहून साध्या वाक्यांत, हातवारे करून. डाव्या हातवाल्यांनी विचारायचं आणि उजव्या हातवाल्यांनी सांगायचं, अशी रीतच पडली. गोंधळ झाला. व्याकरणाचे हाल झाले. ढोल वाजला तेव्हा माझ्या टाचणातला अर्धा धडा शिल्लक होता, शेवटचं गाणं तर राहूनच गेलं.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला तास होता असं मी म्हणेन. समितीने तसं म्हटलं नाही. शाळेचा दर्जा 'पुढील वर्षी विचार' यावर गेला.

गुरुवारपासून शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी बोलणं बंद झालं. दुपारी तिथे सगळे घडीच्या खाटा टाकून तासभर झोपतात. माझ्या खाटेभोवती चांगली हातभर जागा मोकळी राहायला लागली. क्वी एकदा खाली वाकून म्हणाला, "को वैजू, दर्जा मिळाला असता तर नवी इमारत मिळणार होती. तुम्ही मायदेशी जाल. आम्ही गळक्या छपराखाली इथेच आहोत." हे त्याने अजिबात न गाळता सांगितलं. मला वाईट वाटलं. पश्चात्ताप झाला का, तर नाही.

शुक्रवारी को ह्वे यांनी बोलावलं. या वेळी चहा नव्हता. टेबलावर दोन कोरे कागद होते.

तिकडे एक पद्धत आहे. ज्याची चूक झाली त्याने आपल्या हाताने कबुलीपत्र लिहायचं. तीन भाग असतात: चूक काय, ती कशामुळे झाली, आणि पुन्हा करणार नाही याची हमी. विद्यार्थीही लिहितात, शिक्षकही. शिक्षकांचं पत्र सगळ्या शिक्षकांसमोर वाचायचं असतं.

"एक कागद तुमचा," को ह्वे म्हणाल्या. "तुम्ही मनापासून लिहिलंत, तर करार वाढू शकतो."

"आणि दुसरा?"

"लुआचा. तिने समितीसमोर शाळेचा अपमान केला. वर्तनाचा शेरा 'मध्यम' जाईल."

नववीच्या दाखल्यावर वर्तनाचा शेरा असतो. 'मध्यम' गेला आणि गुण असे दोन-अडीच, तर दहावीला कोणतीही शाळा लुआला दारात उभी करणार नव्हती. मग चारशे बदकं आणि ती.

"ती स्वतःहून आली नाही," मी म्हटलं. "मी आणली."

"चालत आली ना?"

"को ह्वे, दोन्ही कागदांची चूक मी एकाच कागदावर लिहून देते. तिचा शेरा 'चांगला' ठेवा."

त्यांनी दुसरा कागद उचलून बाजूला ठेवला. "तिघांना तुम्ही आणलंत हे स्पष्ट लिहायचं. चूक अगदी मुळापासून लिहायची. कारण खरं द्यायचं. आणि सगळ्यांसमोर वाचायचं."

"मुळापासून लिहिते," मी म्हटलं. "शब्द देता?"

"दिला."

मी शनिवार-रविवार बसून लिहिलं. आईचा फोन आला तेव्हा म्हटलं, नंतर बोलते, चूक लिहितेय. "लिव बाप्पा," ती म्हणाली, "लई मोठा कागद लागन."

सोमवारी झेंडावंदनानंतर सगळे शिक्षक सभेच्या खोलीत जमले. पस्तीसजण. मी उभी राहिले. मी इंग्रजीत वाचत होते आणि क्वी वाक्यावाक्याला व्हिएतनामीत सांगत होता.

"प्रथम. मंगळवारी तोआन, दिन्ह आणि लुआ यांना पुस्तकांच्या खोलीतून मी आणलं. त्यात त्यांचा काहीही दोष नाही."

को ह्वे यांनी मान हलवली.

"आता माझी चूक. डिसेंबर २००८ मध्ये मी माझ्या देशातल्या एका कॉलेजात तासावारी शिकवत होते. तेव्हा तिथे समिती आली."

क्वी अडखळला. त्याला वाटलं त्याने वर्ष चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं. दोन हजार आठ.

"माझं शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झालं. माझं इंग्रजी समितीपुढे शोभणार नाही असं संस्थेला वाटलं. म्हणून संस्थाचालकांच्या सूनबाईंनी माझ्या वर्गावर, माझ्या नावाने, माझा तास घेतला. मला घरी राहायला सांगितलं होतं. मी राहिले. त्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, दुपारी झोपले, आणि संध्याकाळी फोन करून सगळं नीट पार पडलं ना, म्हणून विचारलं."

एका म्हाताऱ्या थायने हातातला पंखा मांडीवर ठेवला.

"वर्गातल्या साठ मुलांनी त्या बाईंना 'उंबरकर मॅडम' म्हणून हाक मारली. एकही चुकला नाही. कारण आदल्या दिवशी त्यांच्याकडून ती तालीम मीच करून घेतली होती. माझी चूक ती आहे."

क्वीने हे वाक्य सांगायला वेळ घेतला. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर बसलेल्यांकडेही नाही.

"दुसरा भाग, कारण. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी घाबरले. पुढे पाच वर्षं तिथे राहिले आणि कायम झाले नाही, पण झाले असते तरी कारण हेच लिहिलं असतं."

"तिसरा भाग, हमी. असं पुन्हा करणार नाही. ही हमी मी मंगळवारी पाळली आहे."

क्वी माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला.

"बोल," को ह्वे म्हणाल्या.

तो बोलला. शब्दन् शब्द बोलला, काही न गाळता. मी कागद को ह्वे यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, जणू इंग्रजी अक्षरांतही मजकूर दिसेल.

"मंगळवारची चूक यात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी माझी चूक झाली नाही."

"तर मग करार वाढणार नाही."

"नको."

"विचार करून बोलताय?"

"आठ वर्षं केला," मी म्हटलं. "लुआचा शेरा?"

कोणीतरी खोकलं. को ह्वे यांनी खालचा खण उघडला, नववी कची पत्रकं काढली, अंगठा ओला करून एकेक उलटली. लुआचं पत्रक वर आलं. त्यांनी त्यावर सगळ्यांसमोर 'चांगला' असं लिहिलं, शिक्का उमटेपर्यंत दाबला आणि पत्रक माझ्याकडे वळवून दाखवलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही आहे, त्यात हेही आहे.

बाहेर ढोल वाजला. करार मेअखेरपर्यंत होता आणि तेव्हा एप्रिल चालू होता. दुसरा तास माझा, नववी कवर. मी खडू घेतला आणि तासाला गेले.